मर्विनचा पट्टा आणि रिळाचं मशीन

मर्विन पेंगेलीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं होतं आणि गुडघा झकास झाला होता. तो जिने चढायचा, बाजारातून बटाट्याची पोती आणायचा, आणि कुणी बघत असेल तर एखादी पायरी उगाच गाळायचा. ही आनंदाची बातमी सगळ्या गल्लीला कळली होती. ती फक्त एका माणसापर्यंत पोचली नव्हती, आणि तो नेमका शेजारचा डग ट्रेलोर होता.

अ‍ॅडलेडच्या दक्षिणेकडल्या त्या गल्लीत प्रत्येक घरापुढे, फुटपाथ आणि रस्ता यांच्या मधोमध, गवताचा एक पट्टा आहे. जमीन नगरपालिकेची, गवत वाढवतो देव आणि कापायचं घरमालकाने. या पट्ट्यांना कुंपण नसतं, पण कुणाचा कुठे संपतो ते कुत्र्यांनासुद्धा ठाऊक असतं. आपला पट्टा कापताना शेजाऱ्याच्या हद्दीत मशीनची एक फेरी जास्त न्यायची, ही तिथली रीत. बरोबर हद्दीवर थांबलात तर दोन घरांत काहीतरी बिनसलंय असं गल्ली समजते. दोन फेऱ्या नेल्यात तर घरोबा. आणि शेजाऱ्याचा पट्टा आख्खाच्या आख्खा कापून टाकलात, तर तो शेजारी एकतर वारलेला असतो, नाहीतर तुमच्या लेखी वारल्यात जमा असतो.

ऑपरेशननंतर मर्विन कुबड्या घेऊन फिरत होता तेव्हा डगने त्याचा पट्टा कापायला सुरुवात केली. मर्विनला भरून आलं. त्याने डगला बिअरची पेटी नेऊन दिली. बहुतेक त्या पेटीनेच घात केला, कारण डगने ती आभार म्हणून न घेता कायमची नेमणूक म्हणून घेतली. कुबड्या गेल्या, काठी गेली, आणि डग मात्र दर शनिवारी येतच राहिला. सकाळी आठच्या आधी मशीन सुरू करायचं नाही असा नगरपालिकेचा नियम आहे. डग आठाच्या ठोक्याला दोरी ओढायचा आणि स्वतःच्या पट्ट्याआधी मर्विनचा कापायचा. एकदा मर्विनने युक्ती करून शुक्रवारी संध्याकाळीच सगळा कापून ठेवला. शनिवारी डगने तो पुन्हा कापला आणि कुंपणावरून सांगितलं, "काल कुणीतरी अर्धवट कापून गेलं होतं बघ. मी नीट करून टाकला."

हेही मर्विनने गिळलं असतं. पण सप्टेंबरातल्या एका शनिवारी तो पत्रांच्या पेटीशी उभा होता. चांगला दोन्ही पायांवर उभा होता. तेवढ्यात हिल्डा मॅकॅस्किल कुत्रा घेऊन आली. हिल्डा दिवसातून दोनदा गल्लीभर फिरते आणि तिचं मत ते गल्लीचं मत असतं.

"मर्विन, तुझ्या घरापुढचं गवत काय सुरेख ठेवलंय रे डगने!"

"त्याचा गुडघा ना," डग मशीन बंद न करताच ओरडला, "म्हणून मी बघतो!"

कुत्र्याने मर्विनच्या गुडघ्याकडे पाहिलं. निदान मर्विनला तसं वाटलं.

तो घरात आला आणि बायकोसमोर बसला. ग्लेनिस शब्दकोडं सोडवत होती.

"हे आता थांबलं पाहिजे," मर्विन म्हणाला.

"मग त्याला सांग ना, की बाबा रे, आता माझं मी कापतो."

"असं कसं सांगणार?"

"तोंडाने."

ग्लेनिस शाळेत मुख्याध्यापिका होती. अवघड गोष्टी सोप्या करून सांगायची सवय तिला नोकरीने लावली होती. पण काही गोष्टी सोप्या केल्या की त्यातली अब्रू निघून जाते हे शाळेत कुणी शिकवत नाही. ज्याने आपल्या पडत्या काळात मदत केली त्याला 'आता पुरे' कसं म्हणायचं? त्यात डगची बायको बेव्ह जाऊन दोन हिवाळे झाले होते आणि तो घरात एकटाच होता. त्याला दुखवायचं तर नव्हतं. डगने आपण होऊन थांबायला हवं होतं.

त्यावर उपाय सुचला तो शुक्रवारी, बोलिंग क्लबात. मर्विन तिथे गवतावर चेंडू घरंगळवायला नव्हे, तिथलं चिकन श्नित्झेल खायला जायचा. खिडकीतून मैदान दिसत होतं. गालिचासारखी हरळी, एक फिकट पट्टा, एक गडद पट्टा, जणू कुणी इस्त्री करून घातली आहे. कडेला पाटी होती, की सपाट तळव्याचे बूट असल्याशिवाय मैदानावर पाय ठेवू नये. आणि लोक खरंच ठेवत नव्हते! चांगले धटिंगण खेळाडू कडेला बसून बूट बदलत होते. मर्विनचा घास हातातच राहिला. डगला थांबवायची गरजच नव्हती. गवतच असं करायचं की त्यावर आपलं मशीन घालायला डगचा हात धजणार नाही.

आता डगचं मशीन म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांसारखं, खाली पंखा गरगरणारं. ते गवत कापत नाही, फटके मारून तोडतं. बोलिंगच्या मैदानावर चालतं ते रिळाचं मशीन. आडव्या रिळावर पात्यांची वेटोळी, खाली एक पक्कं पातं, आणि दोहोंच्या मधे सापडलेलं गवत कात्रीने कापावं तसं कापलं जातं. मागे जड रूळ असतो, त्याने पट्टे उमटतात. नवं घ्यायचं तर घर गहाण टाकावं लागलं असतं, म्हणून जुनं. आणि जुन्या वस्तूची पारख करणं हा तर मर्विनचा हातखंडा. तो उभी हयात विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करत आला होता. जळालेले सोफे, भिजलेले गालिचे, चेपलेल्या मोटारी पाहून कोणता डाग अपघाताचा आणि कोणता आधीचा हे तो दारातून सांगायचा. त्याला कोण फसवणार होतं?

रीळ तपासायची खूण त्याने पाठ केली. वर्तमानपत्राची पट्टी पक्क्या पात्यावर धरायची, रीळ हाताने फिरवायचं, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कागद कचकच कापला गेला पाहिजे. कुठे चुरगळला तर समजायचं की पातं झिजलेलं आहे. त्या दिवसापासून मर्विनच्या खिशात कायम कागदाच्या पट्ट्या असत, आणि ग्लेनिसचं शब्दकोडं कायम अर्धवट.

पहिलं मशीन एका वारलेल्या गृहस्थांच्या घरच्या जुन्या सामानात निघालं. हाताने ढकलायचं, लाकडी मुठीचं, दिसायला देखणं. मर्विनने पट्टी घातली. कागद कापला गेला नाही, फाटला नाही, नुसता गंजाने तपकिरी होऊन बाहेर आला. गृहस्थांची मुलगी शेजारीच डोळे पुसत उभी होती. "बाबांचा फार जीव होता यावर," ती म्हणाली. मशीन नको म्हणायची मर्विनची छाती झाली नाही, म्हणून तिथून तो एक दिवा घेऊन आला. तो दिवा लागत नाही.

दुसरं मशीन टेकड्यांत राहणाऱ्या एडगर व्हिटबर्न नावाच्या म्हाताऱ्याकडे होतं. त्याने गॅरेजचं दार उघडलं, घोंगडी अलगद बाजूला केली, आणि मर्विनने खिशातून पट्टी काढायच्या आत प्रश्न सुरू झाले. मुलगी बघायला जावं आणि मुलीच्या बापाने आपल्यालाच समोर बसवून पगार विचारावा, तशी गत झाली.

"गवत कुठलं?"

"हरळी. म्हणजे बरीचशी हरळीच."

"जमीन सपाट?"

"बऱ्यापैकी."

"हिला आठवड्यातून तीनदा चालवावं लागतं. तुम्ही किती वेळा कापता?"

"एकदा," मर्विन म्हणाला. खरं म्हणजे एकदाही नाही.

एडगरने चष्मा पुसला. "हे बघा, रागावू नका. पण आजवर तुमचं गवत कापत कोण होतं?"

मर्विन विमा खात्यातला माणूस. त्याला खोटं पकडता यायचं, बोलता यायचं नाही. "शेजारी," तो म्हणाला.

एडगरने घोंगडी पुन्हा वर ओढली. "नको," तो हळूच म्हणाला. "तुमच्याकडे हिचे हाल होतील."

परतीच्या वाटेवर मर्विनने गाडीतला रेडिओ लावला नाही. नकार त्याला नवे नव्हते, पण आजवर लोखंडाने त्याला नाकारलं नव्हतं.

तिसरं मशीन मात्र आपल्या पायांनी चालत आल्यासारखं आलं. बोलिंग क्लबची सेक्रेटरी ड्यूल्सी श्नित्झेल वाढता वाढता म्हणाली, "वरच्या मैदानावर आता प्लास्टिकचा गालिचा टाकणार आहेत. जुनं मशीन काढून टाकायचंय. हवंय का कुणाला?" मर्विन खुर्चीवरून उठला तो थेट शेडमध्ये गेला. हिरवं, रुंद, बैलासारखं दणकट मशीन. त्याने रीळ धरून हलवलं, खुळखुळ नाही. पक्क्या पात्याची धार पाहिली, अजून बरीच शिल्लक. खिशातल्या पट्ट्या नेमक्या संपल्या होत्या म्हणून क्लबाच्या लॉटरीचं तिकीट घातलं. तिकीट या टोकापासून त्या टोकापर्यंत इतकं स्वच्छ कापलं गेलं की मर्विनला गहिवरून आलं. त्याच तिकिटाला त्या संध्याकाळी बक्षिसाची मांसाची परडी लागली हे त्याला नंतर कळलं, पण त्याचं दुःख त्याने केलं नाही. ड्यूल्सीने सांगितलेली किंमत ऐकून तो घासाघीस करायलाच विसरला.

मग तो मशीन गाडीत घालायला गेला. ते जागचं हललं नाही. त्याला एका जागेवरून दुसरीकडे न्यायची दोन चाकं होती, ती क्लबाने कधीतरी हरवली होती. "ट्रेलर लागेल," ड्यूल्सी म्हणाली.

गल्लीत ट्रेलर एकाच माणसाकडे होता. तो कोणाकडे होता हे सांगायला नको.

ट्रेलर मागायला गेलं की त्याच्याबरोबर मालकही येतो, ही तिथली आणखी एक रीत. डगने कारण विचारण्याआधीच दोर, फळ्या आणि हातमोजे काढून ठेवले. तो मनापासून खूश दिसत होता. वाटेत त्याने ट्रेलर मागे कसा घ्यावा, गाठ कुठली मारावी, आणि मर्विनने पाय कसा ठेवला म्हणजे गुडघ्याला ताण पडणार नाही, या तिन्ही विषयांवर सविस्तर सांगितलं. मशीन पाहून त्याने शीळ घातली.

"हा रणगाडा कशासाठी रे?"

"मागच्या अंगणासाठी," मर्विन म्हणाला.

"मागे तर तुझं गवतच नाही. पलीकडच्या असुंताबाईंच्या लिंबाच्या झाडाची सावली आहे सगळी."

"लावणार आहे."

"सावलीत?"

"सावलीतलं."

डगने खांदे उडवले आणि एक दोर आणखी आवळला. दोर अकारण इतके होते की मशीन सोडवायला बांधण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

पहिली कापणी मर्विनने मंगळवारी ठरवली. मंगळवारी डग दाताच्या डॉक्टरकडे जायचा होता. या मशीनचा दट्ट्या दाबला की ते स्वतः चालतं, माणसाने नुसतं मागे जायचं. पण ते चालतं ते मैदानावर चालायच्या चालीने, आणि मैदानावर झाडंझुडपं, गटाराची झाकणं आणि शेजारणी नसतात. मर्विनने दट्ट्या दाबला. मशीनने उसळी घेतली, त्याला हाताला धरून ओढत पट्ट्यावरून नेलं, आणि तो 'थांब, थांब' म्हणत असतानाच पलीकडच्या असुंता बोर्तोलोत्तीबाईंच्या हद्दीत शिरलं. असुंताबाई मूळच्या इटलीच्या, गवताला शेळीचं अन्न समजतात. नगरपालिकेच्या पट्ट्यावर त्यांनी पावट्याचा वाफा केला होता. मशीन त्यातून आरपार गेलं आणि विजेच्या खांबाला टेकून थांबलं.

असुंताबाई बाहेर आल्या. काळी साडी नव्हे, काळा झगा, पण चेहरा सुतकातलाच. त्यांनी मशीनच्या पुढची, कापलेलं गवत साठणारी पेटी उघडून आत हात घातला आणि मूठभर हिरवा चुरा वर काढला.

"माफ करा, सिन्योरा," मर्विन म्हणाला. "तुमचं सगळं पीक..."

"बारीक चिरतं," त्या चुऱ्याकडे पाहत म्हणाल्या. "चांगलं आहे. सूपला होईल." आणि पेटीच घेऊन आत गेल्या. ती परत मिळवायला मर्विनला दोन वाट्या सूप प्यावं लागलं.

मशीनने एक गोष्ट मात्र उघड केली. पट्टा दिसायला सपाट होता, पण मैदानाच्या हिशेबाने ते डोंगरदऱ्या होत्या. उंचवट्यांवर मशीनने गवत मुळापर्यंत तासलं होतं आणि खळग्यांत स्पर्शही केला नव्हता. यावर उपाय एकच. आधी सगळंच खरवडून काढायचं, मग वर वाळू पसरून पातळी साधायची, आणि मग हरळी वाळूतून वर येईपर्यंत दम धरायचा. मर्विनने मन घट्ट केलं आणि सगळं खरवडलं. हिरव्या गल्लीच्या मधोमध एक तपकिरी चौकोन पडला, एखाद्याच्या डोक्यावर मधेच टक्कल पडावं तसा.

डग डॉक्टरकडून परतला. गाडीतून उतरला आणि त्याने टोपी काढली.

"कधी झालं हे?" अर्धा जबडा बधिर असूनही त्याच्या आवाजात कालवाकालव होती.

"मुद्दाम केलंय, डग. नवं येणार आहे."

"हो, हो," डग समजुतीने म्हणाला. आजाऱ्याला बोलू द्यावं तसं त्याने मर्विनला बोलू दिलं, आणि संध्याकाळी बशीभर लॅमिंग्टन केक आणून दिले. पुढच्या आठवडाभर मर्विनचं गवत हा गल्लीचा जिव्हाळ्याचा विषय झाला. हिल्डाने चहाची पत्ती टाकायला सांगितली. कुणी साबणाचं पाणी सांगितलं, कुणी बिअर. असुंताबाई म्हणाल्या, "माती आयती तयार झाली आहे. पावटा लाव. मी बी देते." मर्विन सगळ्यांना हसून हो म्हणत होता आणि आतून खचत चालला होता. सकाळी उठून तो पडदा किंचित सारून बघायचा. तपकिरी. परत यायचा. ग्लेनिस त्याच्यापुढे नुसता चहा ठेवायची, हे त्याला जास्त लागायचं.

वाळूचा ट्रक आला आणि त्याने वाळू ओतली ती थेट पट्ट्यावर. वाळू पट्ट्यावरच हवी होती, पण ढीग छातीइतका झाला. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेची एक अधिकारी बाई आली. तिने ढिगाचे चारही बाजूंनी फोटो काढले.

"सार्वजनिक जागेत अडथळा," ती म्हणाली. "परवाना घ्यावा लागेल."

"किती दिवस लागतात?"

"अर्ज केल्यापासून सहा आठवडे."

"आणि ढीग कधी हटवायचा?"

"उद्यापर्यंत."

मर्विनने तिला समजावलं, की वाळू इथेच राहायची आहे, फक्त उभी न राहता आडवी. बाई विचारात पडली. तिने टॅबलेटवर बरंच वर-खाली केलं. "ढीग असेल तर अडथळा," ती अखेर म्हणाली. "पसरलेली असेल तर देखभाल. देखभाल घरमालकाचं कर्तव्यच आहे."

"मग मी हीच वाळू पसरली तर?"

"तर इथे ढीग कधी नव्हताच," ती म्हणाली, आणि फोटो मात्र पुसले नाहीत.

मर्विनने फावडं उचललं. दुसरं फावडं आपोआप ढिगाच्या पलीकडे दिसू लागलं. ते डगचं होतं. "तू बस," तो म्हणाला. "गुडघा." मर्विन बसला नाही. असुंताबाईंनी घरातून एक जुनी लोखंडी पलंगाची चौकट ओढत आणली आणि सांगितलं, की याला दोर बांधून वाळूवरून ओढा, म्हणजे सपाट होईल, त्यांच्या गावी शेतात असंच करायचे. "याच पलंगावर गेले माझे," त्यांनी सहज सांगितलं. "पडून होता. बरं झालं, कामाला आला." मग मर्विन आणि डग असे दोन निवृत्त गृहस्थ, गळ्यात दोर घेऊन, दिवंगत बोर्तोलोत्तींचा पलंग भर दुपारी रस्त्याकडेने ओढत होते, आणि हिल्डाचा कुत्रा त्यावर बसायचा प्रयत्न करत होता. मर्विन हट्टाने पुढे राहत होता, आणि डग त्याहून हट्टाने त्याच्या बाजूचा भार आपल्याकडे घेत होता.

पुढचे दिवस मर्विन फक्त पाणी घालत राहिला. आणि एके सकाळी त्याने पडदा सारला तर वाळूत हिरवे टाके दिसले, शिवणाऱ्याने सुई वर काढावी तसे. मग रोज थोडे जास्त. नोव्हेंबर संपेपर्यंत वाळू दिसेनाशी झाली. मशीन आता त्याच्या मुठीत होतं. तो ते दिवसाआड चालवत होता, मनातल्या मनात एडगर व्हिटबर्नला सांगत, की बघ. आणि एका शुक्रवारी, उन्हं कलताना, शेवटची फेरी मारून तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला आणि मागे वळला.

एक फिकट, एक गडद, एक फिकट. काठ सुरीने कापल्यासारखे. गल्लीतले बाकीचे पट्टे त्याच्याशेजारी झोपेतून उठल्यासारखे दिसत होते. एका पोराच्या सायकलने कडेला वळसा घेतला. मर्विनच्या छातीत काहीतरी ताठ उभं राहिलं आणि रात्रभर खाली बसलं नाही. आयुष्यभर त्याने लोकांच्या मोडक्या वस्तू पाहिल्या होत्या. ही एक वस्तू त्याने उभी केली होती.

शनिवारी आठला डगने दोरी ओढली. मर्विन पडद्याआड उभा होता, मागे ग्लेनिस चहा घेऊन. वाळू टाकल्यापासून डगचं मशीन तिकडे फिरकलं नव्हतं. आज तो सवयीने मर्विनच्या पट्ट्याकडे वळला आणि हद्दीवर आला. तिथे थांबला. मशीन बंद केलं. खाली बसून त्याने तळहात गवतावरून फिरवला, एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने. मग उठला आणि मशीन मागे ओढून स्वतःच्या पट्ट्यावर गेला. रीतीची एक फेरीसुद्धा त्याने आत आणली नाही.

"जिंकलो!" मर्विन म्हणाला. त्याला नाचावंसं वाटलं आणि गुडघा इतका बरा होता की तो नाचलाही.

ग्लेनिस अजून खिडकीत होती. डगचा स्वतःचा पट्टा लहान, तो चटकन संपला. त्याने मशीन शेडमध्ये ठेवलं. बाहेर आला. शेडचं दार पुन्हा उघडून बंद केलं. मग तो पायरीवर बसला आणि रस्त्याकडे बघत राहिला.

"आता काय करणार तो?" ग्लेनिस म्हणाली.

"आराम."

"बेव्ह गेल्यापासून त्याच्याकडे आरामाशिवाय आहे काय, मर्व? शनिवारची तुझ्या गवतावरची सकाळ तेवढी होती त्याला."

मर्विन नाचायचा थांबला. विम्याच्या पाहणीत आधी दारातून आख्खी खोली बघायची असते, आणि तो वर्षभर नुसता आपला एक डाग बघत बसला होता. त्याला एकदम लाज वाटली. डगचा पट्टा आपण कापून द्यावा असं क्षणभर मनात आलं, पण त्याने लगेच झटकलं. तो अपमान काय असतो हे गल्लीत त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि आपला पट्टा डगच्या पंख्याखाली परत द्यायचा? छे. तेवढा मोठा माणूस तो नव्हता.

पुढच्या शनिवारी डग बाहेरच आला नाही. त्याच्या पट्ट्यावर गवताला तुरे आले. त्याच्या पुढच्या शनिवारी आठ वाजता मर्विन डगकडे गेला. जाताना दोन्ही पायांवर गेला, आणि डग बसला होता त्या पायरीपाशी पोचता पोचता लंगडू लागला.

"डग," तो म्हणाला. पुढचा शब्द तोंडातून काढायला त्याला डगच्या दाताइतका त्रास झाला. "गुडघा, रे."

डग ताडकन उभा राहिला. "तरी मी म्हणत होतो! काय झालं?"

"चालायला हरकत नाही. पण टोकाला मशीन वळवायचं म्हणजे मुठीवर भार देऊन उचलावं लागतं. तिथे तो साथ देत नाही. कुणीतरी वळवायला असतं, तर..."

डगने पुढचं ऐकलं नाही. तो हातमोजे आणायला गेला होता.

तेव्हापासून शनिवारी आठला गल्लीत दोघे दिसतात. मर्विन चालवतो, डग टोकाला उभा राहून वळवतो, आणि दोन फेऱ्यांच्या मधे दोघे जितकं बोलतात तितक्यात एखादं मैदान कापून झालं असतं. मशीन हद्द ओलांडून डगच्या पट्ट्यात रीतीपेक्षा जरा जास्तच जातं, आणि कुणी ते मोजत नाही. नाताळच्या आधीच्या शनिवारी डगला राहवलं नाही. "एक फेरी मला दे," तो म्हणाला, "एकच." मर्विनने मूठ सोडली. ते सोडणं गुडघ्याच्या ऑपरेशनपेक्षा अवघड होतं. डगने दट्ट्या दाबला, मशीनने उसळी घेतली, आणि सरळ पट्ट्यांच्या मधोमध एक फेरी सापासारखी वळवळत गेली.

नेमकी त्याच वेळी हिल्डा कुत्रा घेऊन आली. ती थांबली. कुत्राही थांबला आणि गवतावर पाय न ठेवता फुटपाथवरच बसला.

"अरे वा! हे कुणी केलं?"

"ह्याने," डग म्हणाला, आणि त्याने मर्विनच्या पाठीवर थाप मारली. "सगळं ह्याचं काम. सगळ्या गल्लीत असा पट्टा नाही, हिल्डा. मी आपला नुसता वळवतो."

हिल्डाने मान डोलावली. मग तिने बोट केलं. "आणि ती मधली वाकडी?"

डगचा चेहरा उतरला. त्याने टोपी हातात घेतली आणि तोंड उघडलं. पण मर्विन आधी बोलला, चांगला खणखणीत, पलीकडे असुंताबाईंनाही ऐकू जाईल असा.

"ती माझी," तो म्हणाला. "गुडघा."